तुटलेल्या तलवारीचा डॉलर : १९२१ च्या ‘पीस डॉलर’च्या रचनेचे प्रकरण

अमेरिकेने प्रत्यक्ष व्यवहारासाठी पाडलेल्या चांदीच्या डॉलरांच्या परंपरेतला शेवटचा डॉलर म्हणजे ‘पीस डॉलर’. तो १९२१ ते १९२८ आणि पुन्हा १९३४-३५ मध्ये पाडला गेला. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर आणि चांदीचे प्रमाण ९० टक्के. दर्शनी बाजूला किरणांचा मुकुट घातलेली, वाऱ्यावर केस उडणारी स्वातंत्र्यदेवता आहे. मागील बाजूला शिखरावर पंख मिटून बसलेला गरुड, त्याच्या नखांत ऑलिव्हची डहाळी, समोरून वर येणारे सूर्यकिरण आणि अगदी खाली ‘पीस’ हा शब्द आहे. ही मागील बाजू इतकी शांत आणि एकसंध वाटते की ती शिल्पकाराच्या मनात पहिल्यापासून अशीच असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २३ डिसेंबर १९२१ पर्यंत, म्हणजे पहिले नाणे पडण्याच्या जेमतेम पाच दिवस आधीपर्यंत, या गरुडाखाली एक तुटलेली तलवार होती आणि ती नाण्याच्या पोलादी हबवर, म्हणजे ज्यावरून नाणी पाडायचे साचे घेतले जातात त्या मूळ ठशावर, उमटलेलीही होती.

ही तलवार तेथे कशी आली, ती कोणी आणि का काढली, आणि काढल्याची गोष्ट ऐंशीहून अधिक वर्षे कशी झाकली गेली, हा या प्रकरणाचा विषय आहे. नाण्याची रचना कलावंताच्या स्टुडिओत जितकी घडते, तितकीच ती कायदे, मुदती, तारा आणि वर्तमानपत्रे यांच्या दबावाखाली घडते. पीस डॉलर हे त्याचे फार स्पष्ट उदाहरण आहे, कारण येथे जवळजवळ प्रत्येक बदलाची तारीख सांगता येते.

नवा डॉलर लागला कशाला

१९२१ मध्ये अमेरिकेला चांदीच्या डॉलरांची व्यवहारासाठी मोठी गरज नव्हती. १९०४ नंतर ते पाडणेच थांबले होते, आणि १९१० मध्ये जुन्या ‘मॉर्गन डॉलर’चे मूळ साचेही नष्ट करण्यात आले होते. मग त्या वर्षी टांकसाळींनी एकाएकी कोट्यवधी डॉलर का पाडले, याचे उत्तर शोधताना वाट थेट आपल्याकडे, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींपर्यंत येते.

पहिल्या महायुद्धात भारतातून ब्रिटनला आणि मित्रराष्ट्रांना प्रचंड माल जात होता आणि त्याचे मोल रुपयांत चुकते करावे लागत होते. युद्धकाळात चांदीचा भाव चढत गेला. ऑगस्ट १९१७ मध्ये तो अशा पातळीच्या वर गेला की रुपयातल्या चांदीचेच मोल त्याच्या १ शिलिंग ४ पेन्स या ठरीव दरापेक्षा अधिक होऊ लागले, आणि सरकारला दर वाढवावा लागला. चांदी वाचवण्यासाठी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट आणि त्यानंतर थोड्याच काळात अडीच रुपयांची नोट काढण्यात आली. लोकांचा विश्वास मात्र खणखणीत रुपयावर होता. सरकारकडे नोटांच्या बदल्यात देण्याइतकी चांदी उरलेली नाही, अशी कुजबुज पसरली आणि १९१८ च्या पूर्वार्धात चलन कचेऱ्यांतून रुपये काढून घेण्याची रीघ लागली. नोटेमागचे वचन मोडले असते, तर युद्ध ऐन भरात असताना ब्रिटिश सत्तेची भारतातली पत कोसळली असती.

अमेरिकेच्या कोषागारात त्या वेळी चांदीचे डॉलर पोत्यांनी पडून होते. नेवाडाचे सिनेटर ‘की’ (Key) पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी मंजूर झाला आणि त्यानुसार जास्तीत जास्त ३५ कोटी डॉलर वितळवून ती चांदी विकण्याची मुभा मिळाली. प्रत्यक्षात २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले गेले. त्यातल्या सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी ब्रिटनला भारतासाठी विकली गेली आणि तिचे येथे पाचव्या जॉर्जच्या छापाचे रुपये झाले. आपल्याकडे अनेक घरांत आजीच्या डब्यात १९१८ च्या सालाचे रुपये सापडतात. त्यांतल्या काहींची चांदी त्याआधी अमेरिकन डॉलर म्हणून तिजोरीत पडून होती, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

पिटमन पश्चिमेच्या खाणमालकांचे हितही जाणत होते. वितळवलेल्या प्रत्येक डॉलरच्या बदल्यात अमेरिकेतल्याच खाणींची चांदी औंसाला एक डॉलर या भावाने विकत घ्यावी आणि तितकेच नवे डॉलर पाडावेत, अशी अट या कायद्यात होती. युद्धानंतर चांदीचा बाजारभाव त्याखाली आला, खरेदी सुरू झाली आणि टांकसाळींवर २७ कोटी डॉलर नव्याने पाडण्याचे बंधन आले. मूळ साचे उरले नसल्यामुळे टांकसाळीचे मुख्य एनग्रेव्हर (नाण्यांचे ठसे कोरणारे कारागीर) जॉर्ज टी. मॉर्गन यांना आपलीच १८७८ ची रचना पुन्हा उभी करावी लागली, आणि ९ मे १९२१ पासून फिलाडेल्फियात मॉर्गन डॉलर पुन्हा पडू लागले.

शांततेचे नाणे : संसदेत अडलेला प्रस्ताव

या नव्या नाण्यांवर जुनाच चेहरा कशाला, हा प्रश्न नाणेसंग्राहकांनी आधीच उचलला होता. ऑगस्ट १९२० मध्ये शिकागो येथे भरलेल्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनच्या अधिवेशनात फॅरन झर्बी यांनी एका निबंधातून मागणी केली, की युद्धानंतरच्या शांततेची आठवण म्हणून सर्वसामान्य व्यवहारात फिरेल असे नाणे काढावे. ते संग्राहकांना चढ्या किमतीने विकायचे स्मारक-नाणे नसावे आणि सामान्य माणसाच्या हातातून फिरावे, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. पुढे जे घडले ते पाहता ही अट फार महत्त्वाची ठरते, कारण व्यवहारातल्या नाण्याला साच्याच्या आयुष्याचे, उठावाचे (चित्र नाण्याच्या पृष्ठभागावर किती वर उमटते त्याचे) आणि संख्येचे असे नियम लागू होतात, जे स्मारक-नाण्याला तितकेसे छळत नाहीत.

काँग्रेसमन अल्बर्ट व्हेस्टल यांनी ९ मे १९२१ रोजी, म्हणजे मॉर्गन डॉलर पुन्हा सुरू झाले त्याच दिवशी, या नाण्यासाठी संयुक्त ठराव मांडला. १ ऑगस्टला तो सर्वसंमतीने संमत करून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा जेम्स मान यांनी हरकत घेतली आणि ठराव तेथेच थांबला. पण टांकसाळीला काँग्रेसची गरजच नव्हती. १८९० च्या कायद्यानुसार एखादी रचना २५ वर्षांहून जुनी झाली की वित्तमंत्र्यांना ती स्वतःच्या अधिकारात बदलता येत असे, आणि मॉर्गन यांची रचना तर ४३ वर्षांची झाली होती.

रचनेवर देखरेख कोणाची, हा प्रश्नही त्याच उन्हाळ्यात सुटला. अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी २८ जुलै १९२१ च्या आदेशाने सर्व नव्या नाण्यांची चित्रे ललित कला आयोगापुढे ठेवणे बंधनकारक केले. आयोगाचे अध्यक्ष चार्ल्स मूर होते आणि त्यातले शिल्पकार सदस्य होते जेम्स अर्ल फ्रेझर, ज्यांचे ‘बफेलो निकेल’ त्या काळी प्रत्येक अमेरिकनाच्या खिशात होते. हे दोघे पुढच्या सगळ्या घटनांत वारंवार येतात.

तीन आठवड्यांची स्पर्धा

टांकसाळीचे संचालक रेमंड बेकर यांना नवे नाणे १९२१ सालच्याच तारखेने हवे होते. आणि तरीही शिल्पकारांना निमंत्रणे गेली ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, १२ डिसेंबरपर्यंत प्रतिकृती देण्याच्या अटीसह! विजेत्याला १,५०० डॉलर आणि बाकी प्रत्येकाला १०० डॉलर मिळणार होते. निमंत्रितांत अडॉल्फ वाइनमन, हर्मन मॅकनील आणि व्हिक्टर ब्रेनर होते, आणि या तिघांनीही आधी अमेरिकेची नाणी घडवलेली होती. शिवाय रॉबर्ट एटकिन, चेस्टर बीच, जॉन फ्लॅनगन यांच्यासारखे नावाजलेले शिल्पकार होते. सर्वांत तरुण स्पर्धक अँथनी डी फ्रान्सिस्की हे ३४ वर्षांचे, सिसिलीतल्या पालेर्मोत जन्मलेले आणि नाण्यांच्या कामाचा बेताचाच अनुभव असलेले होते. आपण जिंकणार नाही, असे ते स्वतःही धरून चालले होते.

मनात होता तसा चेहरा असलेली मॉडेल शोधायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी पत्नी तेरेसा यांनाच समोर बसवले. स्टुडिओची खिडकी उघडून वाऱ्याने त्यांचे केस उडू दिले आणि नाण्यावर दिसणारी ती केसांची लाट तेथून आली. स्वातंत्र्यदेवीचे मुख हे हुबेहूब तेरेसांचे व्यक्तिचित्र नाही, असे शिल्पकाराने पुढे स्पष्ट केले. तेरेसांच्या मनात मात्र या कामाला वेगळीच जागा होती. लहानपणी इटलीहून येताना जहाज स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी डेकवर तशीच मुद्रा घेतली होती, आणि पुढे शाळेच्या देशभक्तिपर कार्यक्रमात ती भूमिका दुसऱ्या मुलीला मिळाली म्हणून त्या फार हिरमुसल्या होत्या. आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या दोन्ही आठवणी सांगितल्या आहेत. स्थलांतरित कुटुंबातल्या या मुलीचा चेहरा त्या देशाच्या डॉलरवर पोहोचला, ही या सगळ्या व्यवहारातली मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते.

मागील बाजूसाठी डी फ्रान्सिस्की यांनी दोन पर्याय दिले होते. एकात आक्रमक गरुड तलवार मोडताना दाखवला होता. दुसऱ्यात विसावलेला गरुड ऑलिव्हची डहाळी धरून होता. १३ डिसेंबरला आयोगाने डी फ्रान्सिस्की यांची रचना एकमताने निवडली आणि मागील बाजूसाठी विसावलेल्या गरुडाचा पर्याय पुढे गेला. येथवर तलवारीला त्या बाजूवर जागाच नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे.

तलवार येते आणि जाते

१५ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये बेकर, मूर आणि डी फ्रान्सिस्की भेटले. बेकर यांनी घाईचे वेळापत्रक समजावून सांगितले आणि काही बदल सुचवले. त्यांतला मुख्य असा, की बाद झालेल्या पर्यायातली तुटलेली तलवार या गरुडाखाली, शिखरावर आणून ठेवावी. डहाळी होतीच, तिच्या जोडीला शस्त्रही आले. ज्या घटकावर पुढे देशभर टीका झाली, तो अशा रीतीने शिल्पकाराने निवडलेल्या शांत चित्रात टांकसाळीच्या संचालकांच्या सूचनेने शिरला होता. टीकेचा रोख मात्र शिल्पकारावर राहिला.

१९ डिसेंबरला सुधारित रचना अध्यक्ष हार्डिंग यांना दाखवली गेली. देवीच्या चेहऱ्यावरचा एक बारीक तपशील त्यांना गालावरच्या खळीसारखा वाटला आणि खळी शांततेला साजेशी नाही, म्हणून त्यांनी ती काढायला लावली. तलवारीबद्दल त्यांनी काही हरकत घेतली नाही. त्याच दिवशी रचना जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी वित्तमंत्री अँड्र्यू मेलन यांची औपचारिक मान्यता मिळाली.

आता जे घडले, ते या प्रकरणाचे मर्म आहे असे मी मानतो. नाण्याचे चित्र वर्तमानपत्रात छापणे बेकायदेशीर ठरते, अशी वित्त खात्याची त्या वेळची भूमिका होती. त्यामुळे लोकांपुढे रचनेचे चित्र आलेच नाही. बेकर आणि डी फ्रान्सिस्की प्लास्टरची प्रतिकृती न्याहाळत असल्याची छायाचित्रे तेवढी छापली गेली, आणि सोबत टांकसाळीच्या पत्रकातले शब्दांतले वर्णन. त्या वर्णनात गरुड तुटलेल्या तलवारीवर बसलेला आहे असे म्हटले होते. प्रत्यक्ष चित्रात आधी डोळ्यांत भरतो तो भव्य, निश्चल गरुड आणि त्याच्याकडे येणारा प्रकाश, तर तलवार पायथ्याशी पडलेली एक लहान आकृती. पण वाक्य वाचताना ‘गरुड’ आणि ‘तुटलेली तलवार’ या दोन शब्दांना सारखेच वजन मिळते, आणि युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या देशात दुसरा शब्द जास्त टोचला. चित्र दडवून ठेवून वर्णन प्रसिद्ध करणे हा रचनेच्या दृष्टीने सर्वांत वाईट पर्याय होता, आणि तोच नियमाने सक्तीचा केला होता.

२१ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने तिखट अग्रलेख लिहिला. तलवार मोडून घेतली जाते ती पराभूताची किंवा कलंकिताची. अमेरिकेची तलवार तुटलेली नाही, ती म्यान केली असती किंवा तिची धार बोथट केलेली दाखवली असती तर हरकत नव्हती, असा त्या लेखाचा युक्तिवाद होता. टांकसाळ, वित्त खाते आणि कला आयोग यांच्याकडे निषेधाच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. डी फ्रान्सिस्की यांनी उत्तर दिले, की तलवारीसोबत ऑलिव्हची डहाळी आहे आणि दोन्ही एकत्र असताना तलवारीचा अर्थ पराभव असा घेताच येत नाही. कलेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण काळाचे भान ठेवले तर लोकांच्या भावनेलाही कारण होते. ११ नोव्हेंबरला आर्लिंग्टन येथे अज्ञात सैनिकाचा दफनविधी झाला होता, दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये नौदल-कपातीची परिषद सुरू झाली होती आणि अमेरिका आपल्या युद्धनौका मोडीत काढायला निघाली होती. त्या हिवाळ्यात शस्त्र मोडण्याची प्रतिमा ही केवळ प्रतिमा राहिली नव्हती, तो चालू राजकारणाचा विषय होता.

निर्णय घ्यायला हवे होते ते बेकर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीकडे निघाले होते, आणि तो रेल्वेने तीन दिवसांचा प्रवास होता. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या मेरी मार्गारेट ओ’रायली यांच्यावर सारा भार आला. २२ तारखेच्या दुपारी मूर आणि फ्रेझर यांच्याशी त्यांची बैठक झाली आणि तलवार काढावी अशी शिफारस ठरली. २३ ला त्यांनी बेकर यांना तार करून तातडीने संमती मागितली. उत्तराची वाट पाहिली असती तर १९२१ चे साल हातून गेले असते. म्हणून त्यांनी वित्त खात्याचे अवर सचिव सेमूर पार्कर गिल्बर्ट यांना गाठले, त्यांच्या अधिकारात काम सुरू करवले आणि आयोगाची मान्यताही लगोलग मिळवली. २४ डिसेंबरला बेकर यांची संमतीची तार आली, तेव्हा त्यांनी नवे रूप पाहिलेले नव्हते आणि ते पाहायला आता उशीरही झाला होता. ओ’रायली यांचे नाव नाण्याच्या इतिहासात क्वचितच ठळकपणे घेतले जाते. माझ्या मते या आठवड्यात नाणे वाचवले ते त्यांनीच. अधिकार कोणाकडे आहे, कोणाची संमती आधी हवी आणि कोणाची नंतर चालेल, याचा अचूक अंदाज घेऊन त्यांनी दोन दिवसांत चार ठिकाणची मान्यता मिळवली आणि प्रत्येक मान्यता नियमात बसवली.

हबवरचे काम

तलवार काढणे म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी नाणे तयार होण्याची पद्धत पाहावी लागते. शिल्पकार नाण्याच्या कितीतरी पट मोठी प्लास्टरची प्रतिकृती करतो. तिच्यावरून धातूचा कडक साचा घेतला जातो आणि रिड्यूसिंग लेथ या यंत्राची एक सुई त्या मोठ्या प्रतिकृतीवरून फिरत असताना दुसऱ्या टोकाचे पाते तेच आकार लहान करून पोलादात कोरते. अशा रीतीने नाण्याच्या आकाराचा, नाण्यासारखाच उठाव असलेला जो पोलादी तुकडा मिळतो, तो हब. हब दाबून खोलगट डाय तयार होतात आणि डायने नाणी पडतात. रीतसर मार्ग असा, की प्लास्टरमध्ये बदल करून लहान करण्याची सगळी प्रक्रिया पुन्हा करायची. २३ डिसेंबरला तेवढे दिवस हाती नव्हते, आणि हब तर तयार झाला होता. बदल करायचा तो आता थेट पोलादात.

हे काम मॉर्गन यांनी केले. ते त्या वेळी ७६ वर्षांचे होते, आणि ज्या डॉलरसाठी ते काम करत होते तो त्यांच्याच डॉलरची जागा घेणार होता. फिलाडेल्फियाला तातडीने बोलावून घेतलेले डी फ्रान्सिस्की शेजारी असताना मॉर्गन यांनी भिंगाखाली अतिशय बारीक हत्यारांनी तलवार तासून काढली. ती नुसती खरवडून चालणार नव्हते. हबवर धातू कमी करता येतो, वाढवता येत नाही, त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेचे नवे तपशील जेथे आधीच उठाव शिल्लक आहे तेथूनच काढावे लागतात. तलवारीमागे अर्धी झाकलेली डहाळी मॉर्गन यांनी लांबवली, गरुडाच्या नखांच्या डावीकडे डोकावणारा देठाचा छोटा तुकडा काढून टाकला, किरण अधिक ठळक केले आणि गरुडाच्या पायाची कड धारदार केली. मूळ चित्राची घडण न बिघडवता, दुसऱ्याच्या हाताची शैली सांभाळून, एका दिवसात आणि चुकीला वाव नसताना हे करणे ही एनग्रेव्हरच्या कसबाची कमाल होती. मॉर्गन यांचे नाव सगळीकडे १८७८ च्या डॉलरसाठी घेतले जाते, पण मला त्यांचे हे बेमालूम काम त्याच्या तोडीचे वाटते.

२८ डिसेंबरला पहिला पीस डॉलर पडला आणि वर्ष संपण्यापूर्वी १०,०६,४७३ नाणी तयार झाली. ३ जानेवारी १९२२ ला ती लोकांना मिळू लागली, तेव्हा न्यूयॉर्कच्या उपकोषागारासमोर रांगा लागल्या. नव्या डॉलरांची चळत नीट राहत नाही, अशी ओरड झाली, पण बँकांच्या रोखपालांनी ती जुन्या डॉलरांइतकीच राहते हे वार्ताहरांना करून दाखवले.

घाईची दुसरी किंमत

तलवारीचा प्रश्न सुटला तरी उठावाचा राहिला. डी फ्रान्सिस्की यांचे मूळ शिल्प पदकासारखे खोल उठावाचे होते. एका फटक्यात त्याचा मध्यभाग पूर्ण उमटावा म्हणून दाब वाढवावा लागे आणि डाय लवकर फुटत. १९२१ च्या नाण्यांवर देवीच्या कानाजवळचे केस आणि गरुडाच्या मधल्या भागातली पिसे बऱ्याचदा अस्पष्ट दिसतात, त्याचे कारण हेच आहे. नेहमीच्या गतीने काम चालते तर चाचण्यांतच हे कळले असते. येथे मात्र चाचणीचा काळ संपूर्ण मुदतीने खाल्ला होता. जानेवारी १९२२ मध्ये सुधारित खोल उठावाची सुमारे ३५ हजार नाणी पाडून पाहिली, पण डायचा प्रश्न तसाच राहिला आणि ती जवळजवळ सगळी वितळवली गेली. शेवटी उठाव बराच कमी केला आणि फेब्रुवारीपासून फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही टांकसाळी भराभर चालू लागल्या. एकट्या फिलाडेल्फियात त्या वर्षी ५,१७,३७,००० नाणी पडली. शिल्पाचा जिवंतपणा त्यात थोडा हरवला, हे दोन्ही सालांची नाणी शेजारी ठेवली की सहज कळते, पण २७ कोटी नाण्यांचे बंधन खोल उठावाने कधीच पुरे झाले नसते. ते १९२८ मध्ये पुरे झाले. १९६४ ची तारीख घालून डेन्व्हरमध्ये मे १९६५ मध्ये पाडलेले ३,१६,०७६ पीस डॉलर सगळेच्या सगळे वितळवले गेले, तर शताब्दीच्या निमित्ताने २०२१ मध्ये टांकसाळीने संग्राहकांसाठी ही रचना पुन्हा काढली.

दडवलेला बदल

राहता राहिला २४ डिसेंबरचा खुलासा. त्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या निवेदनात म्हटले होते, की शिल्पकाराच्या पर्यायी मागील बाजूवर असलेली तलवार प्रत्यक्ष नाण्यावर येणार नाही. शब्दाशब्दाने पाहिले तर यात खोटे काही नाही, कारण पर्यायी रचनेत तलवार खरोखर होती. पण वाचणाऱ्याचा समज असा व्हावा, की तलवार फक्त त्या बाद झालेल्या रचनेतच होती आणि मंजूर रचनेत कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ‘हेरल्ड’ने तलवार हटवल्याचे श्रेय स्वतःकडे घेतले, पण नेमके काय हटले हे त्यालाही माहीत नव्हते. अध्यक्षांनी पाहिलेल्या, वित्तमंत्र्यांनी मान्य केलेल्या आणि पोलादात कोरल्या गेलेल्या रचनेतून तलवार काढली गेली, हे टांकसाळीने सांगितले असते तर निषेध करणाऱ्यांपुढे माघार घेतल्याची कबुली ठरली असती, आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तेवढी तयारी कोणाची नव्हती. त्या माणसांवर असलेला ताण मला समजतो. तरीही सार्वजनिक नाण्याचा इतिहास असा अर्धवट सांगणे मला पटत नाही, कारण त्याची भरपाई दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते. येथे ती डी फ्रान्सिस्की यांना करावी लागली. तलवार ही त्यांचीच हौस होती आणि सुदैवाने ती वेळीच नाकारली गेली, अशी समजूत रूढ झाली आणि बेकर यांची १५ डिसेंबरची सूचना विस्मरणात गेली. मॉर्गन यांच्या वाट्याला तर त्या कामाचे श्रेयच आले नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संशोधक रॉजर बर्डेट यांनी टांकसाळीची आणि आयोगाची जुनी पत्रे, तारा आणि प्रतिकृतींची छायाचित्रे एकत्र लावून हा क्रम उलगडला. तोपर्यंत बहुतेक लेखकांचे मत असे होते, की १९२१ च्या पत्रलेखकांनी आणि संपादकांनी दोन रचनांत गल्लत केली आणि जी तलवार मंजूर चित्रात नव्हतीच तिच्यावर रागावले. कागदपत्रांनी दाखवून दिले, की त्या लोकांनी चित्र पाहिले नसले तरी वर्णन बरोबर वाचले होते. ज्या दिवशी त्यांनी पत्रे लिहिली, त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या हबवर, गरुडाच्या पायाखाली, तुटलेली तलवार होती.